मुकं चाक

टिचकीमामांनी माझ्या सासूबाईंच्या नव्या कवळीलासुद्धा टिचकी मारून पाहिली होती. "बोलतेय," असा निर्वाळा दिला, आणि सासूबाईंनी महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. चहाचा कप हातात आला की आधी टिचकी, मग घोट. माठ घ्यायचा असला की सगळी गल्ली त्यांना पुढे घालून कुंभाराकडे जायची, आणि तो बिचारा त्यांना लांबून बघूनच कपाळाला हात लावायचा. हसायचं ते आत्ताच हसून घ्या. पुढे हसण्यासारखं फारसं काही नाही, आणि जे झालं त्यात माझाही हात आहे.

गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला, आमच्या दोन शेड एकमेकींना लागून होत्या. मामांकडे गाड्यांची मॅगव्हील, म्हणजे हलक्या मिश्रधातूची ओतीव चाकं, दुरुस्त व्हायची, माझ्याकडे त्यांना रंग. खड्ड्यात आपटून कड वाकलेली, फुटपाथला घासून ओरखडलेली चाकं यायची. मामा ती हळूहळू तापवून सरळ करत, उडालेला टवका वेल्डिंगने भरत, लेथवर फिरवून कड काढत. मग मी प्रायमर, चंदेरी रंग आणि वर लॅकर मारून भट्टीत घालायची. माझा नवरा अचानक गेला तेव्हा मला रंगाची गनसुद्धा धरता येत नव्हती. दिरांनी शेड विकायचा घाट घातला होता. मामा म्हणाले, "सुमन, विकू नकोस. रडायला तरी स्वतःची जागा असू दे." आणि दुसऱ्या दिवसापासून मला शिकवायला लागले. त्यांना स्वतःला रंगातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शिकवलं मात्र नीट.

शेड टाकण्याआधी पंचवीस वर्षं ते भोसरीच्या एका फाउंड्रीत होते. भट्टीतून निघालेला प्रत्येक ओतीव तुकडा ठोकून, ऐकून पास करायचा, हे त्यांचं काम. मग देशाचे दरवाजे उघडले, परदेशी मशीन आलं, आणि कान असलेल्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "स्वेच्छा साहेबांची, निवृत्ती माझी," मामा म्हणायचे. चिरेत शाई उतरवून तपासायची पद्धत तेव्हाही होती. तिचा विषय काढला की त्यांचं उत्तर ठरलेलं: "शाईला चीर पडल्यावर कळतं. मला आधी कळतं."

त्यांची तपासणी बघण्यासारखी असायची. चाक दोरीने वरच्या हुकाला टांगायचं, लाकडी हातोडीने हलकेच ठोकायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. चाक खणखणीत वाजलं तर "बोलतंय". आत कुठे चीर असली की आवाज थपकन बसायचा. मग मामा म्हणत, "मुकं." आणि मुकं चाक गिऱ्हाइकाला अख्खं परत मिळत नसे. मामा आधी करवतीने त्याचे दोन तुकडे करत, म्हणजे कुणी मोहाने ते पुन्हा गाडीला लावायला नको. एकदा हिंजवडीच्या कंपनीतला एक मुलगा तणतणत आला. "अंकल, इट्स माय प्रॉपर्टी! तुम्ही कट कसं केलंत?" मामांनी दोन्ही तुकडे त्याच्या हातात दिले. "प्रॉपर्टी तुमचीच आहे. एक होती, आता दोन झाल्या." तो मुलगा पुढे चार वर्षं त्यांच्याचकडे येत होता.

मग एक वर्ष असं आलं की काहीतरी बिनसत चाललंय हे मला कळायला लागलं. मागून हातगाडीवाला घसा फोडून ओरडत होता आणि मामा तसेच रस्त्यात उभे. शेवटी एका हमालाने दंड धरून त्यांना बाजूला ओढलं. फोन वाजत राहायचा. मी हाक मारली तर तिसऱ्या हाकेला मान वळायची. आणि चाक ठोकताना ते आता डोळे मिटत नव्हते. मला हाक मारून समोर उभं करायचे, "इथे थांब जरा," म्हणायचे. मला वाटलं, वय झालं, सोबत हवीशी वाटत असेल.

"मामा, एकदा कान दाखवून या," मी म्हटलं.

"का? तुला दिसत नाहीत?"

मी हसले नाही. तेव्हा हळूच म्हणाले, "कान गेला असं एकदा बाहेर कळलं ना, की मी भंगारात. माझ्याकडे दुसरं काही नाही गं." मी तो विषय पुन्हा काढला नाही. माया होतीच, खोटं कशाला बोलू. पण त्यांची गिऱ्हाइकं तीच माझी गिऱ्हाइकं होती, हेही डोक्यात होतं.

त्याच पावसाळ्यानंतर संग्राम आला. हिंजवडीचा शेतकऱ्याचा पोरगा, शिवारातली जमीन आयटी पार्कात गेलेली. त्याने एक जुनी लाल दोन सीटांची विलायती स्पोर्ट्स कार घेतली होती. वडिलांच्या वयाची गाडी, आणि चारही चाकांची रया गेलेली. कडा उडालेल्या, रंगाचे पापुद्रे निघालेले. "मामा, आई औंधला ज्या बंगल्यावर दूध घालायची, त्या बंगल्यातली गाडी हाय ही," तो म्हणाला. "मी फाटकातनं बघत बसायचो. आता पयल्या फेरीला आईलाच शेजारी बसवून जेजुरीला न्यायची." त्यांच्याकडे नवी गाडी आधी खंडोबाला दाखवायची रीत. पुढच्या खेपेला आईही आली. नऊवारीतली, शिडशिडीत बाई. गाडीला हात लावून म्हणाली, "एवढी खाली? ह्यात बसायचं का झोपायचं?" मामांना ऐकू आलं नसावं, पण ते हसले. मी हसले होते म्हणून हसले, हे आता कळतं.

चाकं सरळ झाली, भरून झाली, आणि रंगाआधी मामांनी ती टांगली. मी तेव्हा मास्क आणि गॉगल चढवून तयार होते, भांड्यात रंग कालवलेला होता. पहिली दोन छान वाजली. तिसऱ्याला हातोडी बसली आणि आवाज आला, थप. मी स्पष्ट ऐकला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बोलतंय."

माझ्या तोंडाशी शब्द आला होता. पण ज्या माणसाने आयुष्यभर ऐकण्याचंच काम केलं त्याला मी काय शहाणपण शिकवणार? कालवलेला रंग आळायला लागला होता. ते चाक आता जगात कुठे मिळणार नव्हतं, आणि संग्राम दिवस मोजत होता. मी गन उचलली आणि रंग मारला. फार सुंदर झालं होतं ते चाक. आजही मला त्याची शिसारी येते.

चार दिवस मी स्वतःची समजूत घालत राहिले. पाचव्या दिवशी संध्याकाळी संग्राम गाडी घेऊन गेला, "उद्या सकाळी निघतो" म्हणून मामांच्या पाया पडून गेला. दुसऱ्या दिवशी शेड उघडली तरी तो आवाज माझ्या डोक्यातून जाईना. मामांनी एका डॉक्टरांच्या गाडीचं चाक टांगलं होतं आणि नेहमीसारखं मला समोर उभं केलं. त्यांनी ठोकलं. चाक देवळातल्या घंटेसारखं वाजलं. का कुणास ठाऊक, मी मुद्दाम तोंड वाकडं केलं.

"मुकं," मामा म्हणाले आणि त्यांनी करवत उचलली.

मी त्यांचा हात धरला, अगदी समोर तोंड नेऊन म्हटलं, "मामा, हे वाजलं. खणखणीत वाजलं."

करवत खाली ठेवून ते स्टुलावर बसले. "वर्ष झालं," म्हणाले. "तुला ऐकू येतं ते तुझ्या तोंडावर दिसतं. त्यावरच चाललं होतं." थोड्या वेळाने त्यांचा चेहरा उतरला. "त्या लाल गाडीच्या वेळी तू मास्क लावला होतास. काही दिसेना. तू बोलली नाहीस, म्हटलं ठीक असणार. वाजलं होतं ना गं तिसरं?"

"फोन करते," मी म्हटलं, आणि उत्तर टाळलं.

दोनदा नुसती रिंग गेली. तिसऱ्यांदा कुणा अनोळखी माणसाने उचलला. "दिवे घाटातनं बोलतोय. गाडी दरडीवर आदळलीय, पुढचं चाक पार तुटून पडलंय. पोराचा हात मोडलाय, म्हातारीला दवाखान्यात नेलंय, शुद्ध नाही तिला. तुम्ही कोण?"

मी फोन ठेवून दिला. मामा माझ्याकडेच बघत होते, त्यांना काही सांगावं लागलं नाही.

दोन दिवसांनी ती बाई गेली. लोकांनी घाटातल्या खड्ड्यांना शिव्या घातल्या, जुन्या गाडीचा भरवसा नसतो म्हणाले. आमच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. तेरावा झाल्यावर मामा माझ्या दारात उभे. "मला हिंजवडीला घेऊन चल."

"कशाला मामा? कुणी विचारलेलं नाही आपल्याला."

"म्हणूनच."

कंपन्यांच्या बसगाड्यांमधून वाट काढत आम्ही पोचलो. संग्राम ओसरीवर बसला होता, डोकं भादरलेलं, हात प्लास्टरमध्ये. मामा बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "चाक मुकं होतं. मला ऐकू येत नाही, वर्षभर लपवलं. तुझी आई माझ्यामुळे गेली." एवढंच. हात जोडले नाहीत, रडले नाहीत, कारणं दिली नाहीत.

संग्रामने मान वर केली नाही. जमिनीकडे बघत, दात आवळून तो मला म्हणाला, "ह्यांना घेऊन जा हितनं. परत माझ्या दारात दिसले तर माझ्या हातनं काय व्हईल मला म्हाईत नाय."

मामांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाला?"

तीच वेळ होती. संग्राम समोर होता, मामा समोर होते. मामा, मी ऐकलं होतं, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. माझी जीभ रेटली नाही. मी म्हटलं, "माफ केलं म्हणाला."

संग्रामने तेव्हा वर पाहिलं, माझ्याकडे. खोटं बोलतेय हे त्याला कळलं, पण त्याने खोडून काढलं नाही. उठून आत निघून गेला. त्याच्या पाठीला मामांनी वाकून नमस्कार केला.

महिन्याभरात मामांनी शेड बंद केली आणि येरवड्याला मुलीकडे राहायला गेले. मी भेटायला जायची. येईल जाईल त्याला सांगायचे, "त्या पोराचं मन केवढं मोठं, बघा. माफ केलं त्याने मला. हो ना गं सुमन?" मी मान हलवायची. तो प्रश्न ते माझ्या तोंडाकडे बघत विचारायचे, आणि त्यांना त्यात काय दिसत होतं देव जाणे. दोन वर्षांनी झोपेतच गेले.

मामांनी आपलं सगळं सांगून टाकलं होतं. आपल्या आईला एका बहिऱ्या म्हाताऱ्याने मारलं, असं संग्राम आजही समजतो. त्या दिवशी शेडमध्ये कान शाबूत असलेली एक बाई उभी होती, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.