चार दिवसांची साय
आंबलेल्या सायीचा वास आला की अजून मी नाकाला पदर लावते. माळव्यात धारला राहत होतो तेव्हा माझं लग्न ठरायचं होतं आणि तोंडभर पुटकुळ्या पिकल्या होत्या. “दवाखान्यात नेलं तर मुलीला रोग आहे म्हणून गावभर बोभाटा होईल,” म्हणत काकू नखांनी त्या पिळायची आणि त्याच बोटांनी सायीत उगाळलेलं जायफळ थापायची. साय चार दिवसांची! पू वाळून अभ्रा गालाला चिकटे, वर माशा बसत. शी! डोळा सुजून मिटला तेव्हा कुठे मला तोंड झाकून टांग्यात घातलं. डॉक्टर चिडून म्हणाले, “आठ दिन पहले लातीं तो दाग नहीं रहते.” काल नातीच्या गालावर पिकलेल्या पुळ्या दिसल्या, आणि सून सायीची वाटी घेऊन आली. मी ती मोरीत उपडी केली आणि टांगा बोलावला.