हळ्ळ आणि हळू

अंबुजा माझी मावसबहीण. म्हैसुरातच वाढलेली, माझ्याच ताटात जेवलेली. लग्न होऊन सांगलीला गेली. नवरा लवकर वारला. तिनं बालवाडी चालवून एकुलत्या मुलाला इंजिनिअर केलं, आणि त्याला इकडं नोकरी लागली तशी विजयनगरात, आमच्या मागच्याच रस्त्यावर येऊन राहिली. चांगली बाई आहे हो. तेच तर दुखणं आहे.

येताना ती कन्नड विसरून आली आणि पुस्तकातलं मराठी घेऊन आली. आमच्या घरात 'साकु', 'बेडा' म्हटल्याशिवाय कुणाचं जेवण होत नाही. ती मात्र 'पुरे' आणि 'नको'. आमचे हे, गुंडेराव, माझ्या बोलण्याला जन्मात कधी 'वा' म्हणाले नाहीत. तिनं "भावोजी, किंचित मीठ देता का?" म्हटलं की लगेच, "नागरत्ना, ऐक, काय गोड मराठी!" शुगर मलाही आहे, पण तिची शुगरसुद्धा कौतुकाची, कारण ती शुगरसाठी पळते म्हणे.

अहो, पळते तर मीही! हुणसूरच्या बाजूला जगन्नाथराव मास्तर दरवर्षी एक शर्यत घेतात. छातीवर नंबर नाही, मेडल नाही. झाडांना लाल चिंध्या बांधलेल्या असतात, त्या बघत खडकांतून, काट्याकुट्यांतून पळायचं. शेवटी मारम्माच्या देवळापाशी उप्पिट आणि ताक. बायकांत जी पहिली येईल तिनं देवीपुढं नारळ फोडायचा. किती तरी वर्षं तो मीच फोडत होते. गेल्या वर्षी अंबुजानं फोडला, आणि ह्यांनी तिचा फोटो काढला. माझा कधी एक तरी काढायचा!

यंदा नारळ परत घ्यायचाच, मग जीव गेला तरी बेहत्तर, असं ठरवून उतरले. बाकीच्या बायका केव्हाच मागं पडल्या होत्या. शेवटच्या टेकडीवर पुढं एकटी अंबुजा, ओढणी कमरेला बांधून या दगडावरून त्या दगडावर. खाली उतरणीला झुडपांआड एक हळ्ळ आहे. हळ्ळ म्हणजे ओढा, पण आमच्यात ओढा कोण म्हणतंय? मला तो ठाऊक होता. ती मात्र गेल्या वर्षी दुसऱ्या वाटेनं उतरली होती. ओरडावं की गप बसावं, असं क्षणभर झालं. पण बहीण ती बहीण. जीव खाऊन ओरडले, "अंबू, हळ्ळ! हळ्ळ!"

तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. "हळू तू ये! मी नाही हळू जायची!" म्हणून खिदळली आणि दुप्पट जोरानं सुटली. धप्पकन आवाज झाला. मग खालून आरोळी आली, "अय्यो अव्वा! कालु होय्तु!" पाय गेला म्हणून कन्नडमध्ये गळा काढला होता बाईनं. शुद्ध मराठी वरच राहिलं! मला हसू आवरेना.

पाय चांगलाच मुरगळला होता. तिला ओढून वर काढलं, खांद्याशी धरलं, आणि लंगडत लंगडत दोघी देवळाशी आलो. रेघेपाशी मी एक पाऊल मुद्दाम पुढं टाकलं. का नको टाकू? खांदा माझा, घाम माझा, नारळही माझाच.

नारळ हातात घेऊन बघते तर सगळे अंबुजाभोवती. मास्तर मलम शोधताहेत, बायका वारा घालताहेत, आणि आमचे हे तिच्या पायाखाली स्वतःची पिशवी सारून तिला ताक पाजताहेत. मोबाईल खिशातच. मी दात-ओठ खाऊन नारळ आपटला. एका दणक्यात दोन सारखी भकलं! एकानंही मान वळवली नाही.

एकट्या अंबुजानं तेवढं बघितलं. डोळ्यांत पाणी, पाय हातात धरलेला, आणि तशीच ओरडली, "शाब्बास नागू! भावोजी, अहो बघा तरी, एकाच दणक्यात!"

तेव्हा मला तिचा जो राग आला, तो अजून गेलेला नाही.