वहिनीने खरवडलेला काना

दादाचा फोन आला तेव्हा मी पनवेलला आमच्या सोसायटीखालच्या वाण्याशी भांडत होते. बिस्किटाच्या पुड्यावर मागे बारीक अक्षरांत 'सोया' लिहिलेलं असताना त्याने "यात काही नाही ताई" म्हणून तो माझ्या गळ्यात मारला होता. एका हातात पुडा, दुसऱ्या हाताने फोन कानाला. दादा म्हणाला, "वंदना गेली." मी त्याच चिडलेल्या आवाजात विचारलं, "कुठे गेली?" मग माझ्या डोक्यात उजेड पडला... कारण वहिनी कुठे जाणाऱ्यातली नव्हतीच. दिवेआगरला आमच्या घरात लग्न होऊन आली त्याला एकतीस वर्षं झाली. तेवढ्यात ती माझ्याकडे तीनदा आली असेल, आणि तिन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी "वाडीला पाणी कोण लावील" म्हणत परत निघाली. त्या सकाळी तिने मागच्या पडवीत नारळ सोलले, उठताना छातीत कळ आली, आणि बोर्लीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दादाला एवढंच सांगता आलं.

त्याला आता सहा आठवडे होतील. मला अजून एका जागी बसवत नाही. तशी मी मुळातच धड बसणारी नाही. "वन्सं, तुमच्या पायाला भिंगरी आणि जिभेला वस्तरा," असं वहिनी म्हणायची. नणंद म्हणून मला ती शेवटपर्यंत 'वन्सं' आणि 'तुम्ही'च म्हणाली, मी मात्र पहिल्या दिवसापासून तिला अगं-तुगं केलं. पण आताचं हे फिरणं वेगळं आहे. चहा टाकते आणि गॅलरीत जाते, तो उतू जातो. काहीतरी करायचं राहिलंय असं वाटत राहतं आणि काय ते उमगत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

ती पेणकडची, मिठागरवाल्यांच्या घरातली. दादा तिथे नोकरीला होता तेव्हा जमलं. आमच्या आईला ती पसंत नव्हती, आणि पुढे मूल झालं नाही तेव्हा आईने तेही बोलून दाखवलं. वहिनीने उलट उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. मला तिच्यातलं एकच खटकायचं, तिची भाषा. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. 'हाय' आणि 'न्हाय' ऐकलं की माझा हात आपोआप लाल पेन शोधायचा. "वहिनी, हाय नाही गं, आहे म्हणावं." ती भाकरी थापता थापता म्हणायची, "तिकडं पनवेलला आहे. इथं हाय."

वादळात आमच्या पोफळी आडव्या झाल्या. वाडीच्या भरवशावर राहणं संपलं, तेव्हा वहिनीने पुढच्या दोन खोल्या झाडून-सारवून पाहुण्यांसाठी काढल्या. दादा डोक्याला हात लावून बसला होता, ही बाई बोर्लीच्या पेंटरला गाठून पाटी रंगवूनसुद्धा घेऊन आली. पत्र्यावर निळी अक्षरं: 'राहण्याची व घरगुती जेवणाची उत्तम सोया'. मी गेले आणि पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाले, "वहिनी, तो काना आधी पूस. सोय असतं. सोया म्हणजे सोयाबीन." ती पाटीकडे बघून म्हणाली, "राहू द्या वन्सं. काना जास्तच दिलाय, कमी तर न्हाय दिला." पुढे दर खेपेला मी अंगणात शिरताना आधी कान्याचा विषय काढायचे आणि मग पाण्याचा तांब्या घ्यायचे. पाटी होती तशीच राहिली.

पाहुण्यांची मुलं सुरमईला नाकं मुरडायची. त्यांच्यासाठी वहिनी फोनवर बघून कोंबडीचे पंख करायला शिकली. मुलं त्याला विंग्स म्हणत. तळायचे आणि सोया सॉसच्या काळ्या रसात घोळवायचे. बोर्लीचा चिकनवाला पहिल्यांदा म्हणाला होता, "नुसते पंख? मग बाकीची कोंबडी काय उडवू?" मुलांपेक्षा मीच त्या पंखांच्या नादी लागले. पन्नाशी उलटलेली बाई, पण कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर खायचे.

गेल्या वर्षी थंडीत माझ्या अंगावर गांधी उठायला लागल्या. खाजवून खाजवून रक्त निघायचं, एकदा ओठ सुजून नाकाला टेकला. डॉक्टरांनी यादीच हातात दिली: गहू, अंडी, शेंगदाणे तीन महिने बंद आणि सोया कायमचं. पाव, बिस्किटं, बाहेरचं काही म्हणजे काही खायची चोरी. त्या दिवशी रडकुंडीला येऊन मी वहिनीला फोन लावला. दिवेआगरला रेंजची तऱ्हा ती. मी म्हणाले, "वहिनी, माझं सगळं बंद झालंय. सोया तर कायमचं बंद."

तिने विचारलं, "कुणी केली बंद?"

मी म्हणाले, "कुणी काय, त्यांनीच."

'त्यांनी' म्हणजे डॉक्टरांनी. पण मराठी बाईने दुसऱ्या बाईला 'त्यांनी' म्हटलं तर दुसरा कोण असणार? पलीकडून ती म्हणाली, "आणि तुम्ही ऐकून घेतलंत?" मी म्हणाले, "न ऐकून करते काय, जिवावर बेतलंय माझ्या." त्यावर ती एवढंच बोलली, "रडू नका. मी हाय." आणि फोन कट.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात दादा. हातात दोन रिकाम्या पिशव्या. माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने, पुढे केलेलं पाणीसुद्धा घेईना. मला म्हणाला, "कपडे भर. वंदनेने सांगितलंय, तुला घेतल्याशिवाय परत यायचं नाही." श्रीकांत मुंगीशीही न भांडणारा माणूस, बनियनवर उभा राहून घाबऱ्याघुबऱ्या विचारतोय, "अहो, पण मी केलं काय?" वहिनीला 'सोया'च्या जागी 'सोय' ऐकू आलं होतं. नवऱ्याने माझी सोय बंद केली, घरातून काढायला निघाला, असा सरळ अर्थ. उलगडा झाला तेव्हा आम्ही तिघं हसून हसून बेजार. पण पिशव्या रिकाम्या कशाला न्यायच्या म्हणून मी दादाबरोबर गेले. वहिनी फाटकात उभी होती. सगळं ऐकून ती हसली नाही. म्हणाली, "म्हंजे भावोजी चांगलेच हायत ना? मग झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी खरखर आवाजाने मी बाहेर आले. स्टुलावर चढून वहिनी कोयतीच्या टोकाने पाटीवरचा काना खरवडत होती. मी म्हटलं, "आता गं काय झालं?" मान न वळवता म्हणाली, "तुम्हाला सोया चालत न्हाय ना? मग दारात कशाला?" माझ्या व्याकरणाने इतक्या वर्षांत जे झालं नव्हतं ते माझ्या गांधींनी केलं.

मग सुरू झाले तिचे प्रयोग. चिंच-गुळाचे पंख झाले, त्यांना पाणीपुरीची चव. गूळ करपवून रंग आणला, तर कडू जहर. तिसऱ्या दिवशी तिने फडताळातून कोकमाच्या आगळाची बाटली काढली. आगळ म्हणजे कोकमाचा मिठात मुरवलेला रस, काळपट लाल, आंबट आणि खारट. त्यात गूळ, ठेचलेला लसूण, मिरी. पंखांना तांदळाचं पीठ लावून तळले. रस कढईत आटत होता आणि मी नेहमीसारखी आत-बाहेर. "झालं का? घाल ना आता." ती म्हणाली, "थांबा. तुकतुकी कशी येईल अशी?" चमचा कढईच्या तळाशी ओढून दाखवला. मागे रेघ उमटली आणि लगेच बुजली. "ही रेघ राहिली पायजे. मग पंख घालायचे. आधी घातले तर नुसते भिजतात." मला कुठला एवढा दम? मी पुढे होऊन घालायलाच लावले. ते भिजलेच. तरी चव अशी, की मी जागेवर उभी राहून सहा खाल्ले.

आणि सहावा संपवून मी म्हणाले, "मीठ जरा कमी वाटतंय गं."

ती माझ्याकडे बघत राहिली, म्हणाली, "मिठागरातल्या पोरीला मीठ शिकवता, वन्सं?" मग रसात आणखी थोडं आगळ घातलं. चमच्याने चाखलं. पुन्हा घातलं. पुन्हा चाखलं. "आता?"

हे सगळं मी गोड आठवण म्हणून मनात ठेवलं होतं. तिचे दिवस झाल्यावर चौदाव्याला मी स्वयंपाकघर आवरत होते. आगळाच्या बाटलीमागे एक फाईल खोचलेली. श्रीवर्धनच्या डॉक्टरांची. ब्लड प्रेशर, हृदयाला सूज, आणि खाली पेनाने दोनदा अधोरेखित: मीठ अगदी कमी; लोणचं, पापड, सुकी मासळी, आगळ बंद. माझ्या अंगावर पहिली गांध उठली त्याच्या दोन महिने आधीचा कागद. मी दादासमोर तो धरला. तो म्हणाला, "मला फक्त गोळी चालू आहे म्हणून सांगितलं होतं तिने."

माझी यादी मी फ्रिजवर चिकटवली, वाण्यापासून वर्गमैत्रिणींपर्यंत सगळ्यांना वाचून दाखवली. तिने तिची बाटलीमागे ठेवली. आणि त्या तीन दिवसांनंतरही, दर खेपेला मी गेले की आगळ, कढई, चमचा, "आता?"... माळ्याच्या जिन्यावर तिला दम लागायचा, तर मी म्हणायचे वजन कमी कर. जूनमध्ये निवृत्त झाले तेव्हा ती म्हणाली होती, "आता आठ दिवस ऱ्हावा की." मी एक रात्र राहून पळाले होते.

मी दुसऱ्याच दिवशी श्रीवर्धनला जाऊन त्या डॉक्टरांना गाठलं. भला माणूस. म्हणाले, "चमचाभर चाखण्याने असं होत नसतं. हा आजार जुना होता." मी म्हटलं, "डॉक्टर, चमचे किती ते तुम्हाला माहीत नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला पाणी दिलं. त्यांचं बरोबर असेल. पण मला ते पटत नाही, आणि पटवून घ्यायची घाईही नाही.

गेल्या रविवारी दिवेआगरला होते. दादा धड जेवत नव्हता, म्हणून मी आगळाची बाटली काढली. पंख तळून ठेवले आणि कढईसमोर उभी राहिले. चमचा ओढला, रेघ बुजली. पुन्हा ओढला, पुन्हा बुजली. पाय पळायला बघत होते, त्यांना दामटून तिथेच उभं केलं. पुढच्या खोलीत दादाचा फोन वाजला. दरवर्षी येणारं ठाण्याचं एक कुटुंब होतं. दादा त्यांना हळू आवाजात सांगत होता, "नाही हो, ती गेली... आता इथली सोय बंद." ओट्याजवळच्या खिडकीतून मला पाटी दिसत होती. 'सोय'च्या पुढे जिथे काना होता तिथे नुसता पत्रा, आणि ऊन पडलं की निळ्या अक्षरांआधी तोच चमकतो. पाटी काढायला दादाने पक्कड आणून ओटीवर ठेवलेली मी सकाळीच पाहिली होती.

मी आतून ओरडले, "कुणी केली बंद?"

दादा फोन हातात धरून दारात आला. मी चमचा ओढला. या वेळी रेघ राहिली.

"येऊ दे त्यांना," मी म्हणाले. "मी हाय."