देव्हाऱ्यातले पदक

नागपूरहून सकाळी निघालो तेव्हा पिशवीत बाबांचे काशाचे पदक आणि प्रदर्शनाच्या चिठ्ठीत वजन लिहायला सोनाराकडून मागून आणलेला छोटा काटा होता. बाबा आणि आत्या तरुणपणी लोकनृत्याच्या पथकातून बल्गेरियाला गेले होते. दोन देशांच्या मैत्रीची आठवण म्हणून तिथे दोघांना एकसारखे पदक मिळाले. त्यावर साडीतली बाई आणि बल्गेरियन बाई, हातात हात घालून. रविवारी आमच्या वाचनालयात पदकांचे प्रदर्शन उघडणार होते. जोडी असेल तरच मांडू, अशी त्यांची अट. आत्याचे पदक आणायचेच, असे ठरवून गाडीत बसलो.

पाच तासांनी आत्याचे रायपूर. छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून जिकडेतिकडे रस्ते उकरलेले. रिक्षा तीनदा वळवावी लागली.

"चौबे कॉलोनी पहुँचेंगे ना, भैया?"

"हव (हो)," म्हणत रिक्षावाला चौथ्यांदा वळला.

आत्याने गरम फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके) पुढे ठेवला. पदकाचे विचारताच तिने देव्हाऱ्याकडे बोट केले. बाळकृष्णाशेजारी ते लखलखत होते. चेहरे, साडीच्या निऱ्या, सारे गुळगुळीत.

"आत्या, हे घासलं काहून?"

"मंग काय काळं ठेवू? देवाच्या भांड्यांसंगं चिंच लावून घासते. तुझ्या बापानं तं कपाटात कोंडून ठेवलं!"

"मम्मी तो पदक की दोनों औरतों को रोज़ कुंकू लगाती हैं," आत्याची सून हसली.

मी काटा काढला. बाबांचे बासष्ट ग्रॅम, आत्याचे साडेअठ्ठावन्न. पुन्हा तोलले. तेवढेच.

"आठ दिवस दे मले."

"देव एकटा पाठवत असतात का? कुंकू कोण लावन? मी येते संगं."

"तिथं काचेची पेटी राहते, आत्या."

"मंग किल्ली माझ्याजवळ ठेव."

परतीची दोन तिकिटे काढली. स्टेशनवरून ग्रंथपालांना फोन करून सारे सांगितले. झिजलेले पदक चालणार नाही, ते म्हणाले.

"जोडी मागितलीत, जोडी आणतोय," मी म्हटले. "मांडायची तर अशीच."

ग्रंथपाल म्हणाले, "आणा."

डोंगरगडची देवीची टेकडी दिसताच आत्याने हात जोडले, मग पदक मांडीवर घेतले.

"यातली आपली बाई कोणती?" मी विचारले.

तिने चष्मा चढवला, अंगठा फिरवला. "आता नाही सांगता येत. दोघींले सारखंच कुंकू लावलं. इचारायचं कामच नाही पडलं."

प्रदर्शनासाठीची चिठ्ठी मी गाडीतच लिहिली. दोन्ही वजने मांडली. खाली लिहिले: तूट साडेतीन ग्रॅम. कारण, रोजची पूजा.