महिपतच्या पँटची घडी

महिपत,

आक्कानं एका शर्टापायी माझा संसार मोडला, असं तू गावभर सांगत सुटला आहेस. परवा मासळी घेताना ते मलाही ऐकायला मिळालं. म्हणून तुझी हकिगत मीच लिहून काढते. तू धाकटा भाऊ म्हणून पन्नास वर्षं तुझं सगळं पोटात घातलं, आता पुरे.

तुझं वय पंचावन्न. जयगडच्या बाजूला एका मालवाहतुकीच्या कचेरीत तू मुख्य कारकून. सकाळी सातला कंपनीची बस निघते, आणि त्या बसमध्ये चढणारा तुझा पांढरा शर्ट खळ घालून इतका ताठ केलेला असतो, की तू आत नसतास तरी तो एकटा कामावर गेला असता. पँटच्या घडीवर काकडी चिरावी. त्यासाठी तुझ्या बायकोनं, विमलानं, अठ्ठावीस वर्षं पाचला उठून इस्त्री केली. पावसाळ्यात काम दुप्पट. आपल्याकडे जुलैत कपडे पडवीतल्या दांडीवर चार-चार दिवस लटकतात आणि तरी ओलेच राहतात, मग बायका ते इस्त्रीनंच वाळवतात. एकेक पँट वाळवायला पाव तास जातो, हाताचा पार पिट्टा पडतो.

आणि एवढं करून तू बसमध्ये उभा राहतोस. हे मला ड्रायव्हर जिब्राननं सांगितलं, तो आमच्याच आळीत राहतो. तासाभराहून जास्त रस्ता, निम्म्या सीटा रिकाम्या, आणि हा मनुष्य वरची दांडी धरून जयगडपर्यंत उभा. का, तर बसलं की गुडघ्यामागे पँट चुरगळते. एकदा जिब्रान म्हणाला, "काका, बसा की. सीट काय चावते?" तेव्हापासून तू त्याच्याशी बोलत नाहीस.

जूनमध्ये विमला मला म्हणाली, "वन्सं, हाताला मुंग्या येतात. कप धरला तर कधी सुटतो ते समजत नाय." मी तिला डॉक्टरकडे नेलं. उजव्या मनगटातली शीर दबली होती. डॉक्टरांनी बजावून सांगितलं: सहा आठवडे इस्त्री नाही, कपडे पिळणं नाही, नारळ खवणं नाही. हातानं ऐकलं तर ठीक, नाही तर मनगटाची शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि उशीर झाला तर बोटांची जाण परत येईलच असं नाही. हे मी तुला जसंच्या तसं सांगितलं. तू पेपर वाचत होतास. हूं म्हणालास.

त्याच आठवड्यात तुमच्या साहेब सानिका मॅडमनी कचेरीच्या फलकावर सूचना लावली. पोरगी तिशीची, पण डोकं जागेवर. यापुढे कडक पोशाखाची गरज नाही, नीटनेटके आणि सुटसुटीत कपडे चालतील, कॉलर हवी, फाटक्या जीन्स नकोत. मला वाटलं, देवच पावला. तुला अपमान वाटला. उद्या लुंगी नेसून या म्हणतील, असं तू जेवताना म्हणालास.

मी तुला दंडाला धरून राम आळीतल्या कपड्यांच्या दुकानात नेलं. तिथे सांगितलं ते पुन्हा लिहिते, तेव्हा तुझं लक्ष आरशात होतं. कापड मुठीत आवळायचं, वीस आकडे मोजायचे, मग सोडून बघायचं. सुरकुती राहिली तर परत ठेवायचं. निव्वळ लिनन नको, ते दुकानाची पायरी उतरेपर्यंत चुरगळतं. निव्वळ पॉलिएस्टर नको, आपल्या घामात माणूस त्यात उकडून निघतो. सुती आणि पॉलिएस्टर मिसळलेलं, किंचित ताणलं जाणारं घ्यायचं. बारीक चौकडी किंवा गडद निळा रंग, त्यात काही दिसत नाही. विणीच्या कापडाचा कॉलरवाला टी-शर्टसुद्धा चालतो. धुतल्यावर पिळायचं नाही, झटकायचं, हँगरला लावायचं, वरचं बटण घालायचं आणि पंखा सोडायचा. एवढंच. चौथीतल्या मुलीला जमेल. तू दुकानदाराला विचारलंस, "यावर घडी बसेल ना?" त्यानं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे.

तीन शर्ट, दोन पँट घेतल्या. सोमवारी तू ते घालून गेलास. मॅडम म्हणाल्या, आज छान दिसताय. तुला तो टोमणा वाटला.

गुरुवारी दांडीवरची नवी पँट जराशी ओली होती. पंख्याखाली अर्ध्या तासात सुकली असती. पण तू जन्मात पहिल्यांदा इस्त्री हातात घेतलीस. बायको पावसात ओली पँट कशी वाळवते हे अठ्ठावीस वर्षं बघितलेलं, तेवढ्याच ज्ञानावर बटण सुतीच्या आकड्यावर फिरवलंस आणि दाबून धरलीस. कापड इस्त्रीला चिकटलं, गुडघ्यावर इस्त्रीचा अख्खा तळ उमटला.

इथवर नुसता मूर्खपणा. मूर्खपणाचं मला काही नाही, मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. पण तू ती पँट विमलापुढे टाकलीस आणि म्हणालास, आक्काच्या कापडाचं हे असंच, तू आपले माझे पांढरेच काढ. तिनं काढले. पुढचे तीन आठवडे ती डाव्या हातानं उजवं मनगट धरून इस्त्री फिरवत होती, आणि मला कोणी काही सांगितलं नाही. ती तुला भ्यायली, तू मला भ्यायलास.

रविवारी मी बांगड्याचं तिखलं घेऊन आले. डबा घ्यायला तिनं हात पुढे केला तर दोन बोटांवर टपोरे फोड. कधी भाजलं विचारलं, तर तीच बोटांकडे बघत राहिली. सकाळी इस्त्रीला बोटं टेकली होती आणि तिला कळलंच नव्हतं. दुखलंच नव्हतं.

मी तुझ्याकडे बघितलं. तू काय म्हणालास ते आठवतंय?

"पण आक्का, चुरगळलेला माणूस कामावर जाणार कसा?"

मी विमलाला चप्पल घालायला सांगितलं आणि रिक्षा करून तिला माझ्याकडे आणलं. संसार मोडला म्हणतोस तो एवढाच. तिनं पिशवीसुद्धा भरली नाही.

कोल्हापूरला शस्त्रक्रिया झाली. तू आला नाहीस, त्या दिवशी तुमच्या कचेरीत तपासणी होती म्हणे. आता अंगठा आणि पहिलं बोट जागं झालं आहे. मधल्या बोटाचं डॉक्टर काही सांगत नाहीत. ब्लाउजचे हूक तिला लावता येत नाहीत, मी लावते. तुझं नाव ती काढत नाही, पण पाचला जागी होते आणि इस्त्रीच्या कपड्यांवर शिंपडायला घ्यायची तसा पाण्याचा तांब्या कुशीत धरून पडवीत बसते.

तिला डोक्यावरून घालायचे सैल गाऊन लागतात. तुमच्या घरच्या कपाटात तिचे दोन आहेत, खालच्या खणात. ते आणून दे, एवढंच मी तुला फोनवर सांगितलं. तू म्हणालास, असे चुरगळलेले कसे आणू, इस्त्रीवाल्याकडे टाकतो आणि आणतो. त्याला एकोणीस दिवस झाले. विमला माझे गाऊन घालते, ते तिला घोट्याच्या वरच राहतात.