एका काठीची वाट

हिल्काचा बर्फावर देवापेक्षा जास्त विश्वास. माणूस थापा मारतो, बर्फ मारत नाही, असं ती म्हणायची.

शाळेची बस चालवून निवृत्त झालेली ही बाई ऐन थंडीत पाखरांचे फोटो काढायची. बॅटऱ्या छातीशी लोकरीत गुंडाळलेल्या, श्वास मफलरमध्ये, नाहीतर काचेवर लगेच दव गोठायचं. पाखराला आमिष म्हणून साधा दाणाही तिने कधी टाकला नव्हता. कित्येक हिवाळे रिकाम्या हाताने परतल्यावर यंदा करडं घुबड पंख पसरून थेट तिच्या कॅमेऱ्यावर चालून आलं. तो फोटो गावच्या वाचनालयात लागला.

आणि दुकानातली मिर्वा गल्ल्यावरून म्हणाली, "इतकं सरळ तोंडावर येतं होय घुबड? काहीतरी चारलं असणार बाई!"

हिल्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक जंगलात गेली. घुबडाच्या झाडाजवळ स्कीची ताजी वाट होती, शेवटी रक्ताचा ठिपका आणि पांढऱ्या उंदराची शेपटी. जंगलात पांढरा उंदीर कुठून येणार? विकत आणलेलाच! वाटेच्या कडेला काठीची भोकं होती, पण फक्त डाव्या बाजूला. एका काठीने स्की चालवणारा गावात एकच, शेजारचा ताइस्तो. झाड पडून त्याचा उजवा खांदा निकामी झाला होता.

"मेल्या ताइस्तोने माझा फोटो नासवला," ती घरी येऊन नवऱ्यावर ओरडली.

ओइवा बिचारा नुकताच तळ्यावरून आला होता. सकाळी बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसायचं, हा त्याचा नवा छंद. मासा मात्र एकही घरी आला नव्हता.

"ताइस्तो असं करणार नाही गं," तो बूट काढता काढता पुटपुटला.

"तू गप्प बस! तुला काय कळतंय त्यातलं?"

दर शनिवारी दोघं ताइस्तोच्या सौनात, तापल्या दगडांच्या वाफेच्या खोलीत, जायची आणि वरच्या गरम फळीवर त्याच्याशेजारी बसायची, ते तिने बंद केलं. घुबडाला तोच चारतो, असं दुकानात ताइस्तोचं नाव घेऊन सांगितलं. लोक त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघू लागले, तरी तो बेटा एक शब्द बोलेना. चोरच आहे, म्हणून गप्प, असं हिल्काचं पक्कं झालं. आता त्याला रंगेहाथ पकडून फोटोवरचा डाग धुऊन काढायचा, एवढंच बाकी होतं.

उजाडायच्या आत ती फांद्यांच्या आडोशात जाऊन बसली. पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. तेवढ्यात स्की घासल्याचा आवाज आला. डाव्या हातात काठी, उजव्या हातात डबा. तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि टोपीखालचा चेहरा पाहिला.

ओइवा!

वाकून त्याने डबा उघडला. घुबड फांदीवरून निघालं ते पंख पसरून सरळ त्याच्याकडे. अगदी फोटोतल्यासारखं. हिल्काने बटण दाबलं नाही.

"ओइवा!"

तो दचकून बसलाच बर्फात. "तू... तू रोज तोंड पाडून यायचीस. जेवायची नाहीस. मला बघवेना."

त्याला मारावं की उठवावं, तिला कळेना. शेवटी तिने उठवलं. मग वाचनालयात जाऊन फोटो स्वतःच्या हाताने काढला. दुकानात मिर्वासमोर, सगळ्यांच्या देखत, खरं काय ते सांगितलं.

शनिवारी ती एकटीच ताइस्तोच्या दाराशी उभी राहिली. "चुकले मी. तुला विचारायला हवं होतं."

"ते उंदीर माझ्याच गोठ्यात असतात," ताइस्तो म्हणाला. "ओइवाने तुझ्यापासून लपवून ठेवायला दिले होते."

"अरे, मग बोलला का नाहीस? गाव थुंकत होतं तुझ्यावर!"

"शब्द दिला होता त्याला. फोटो लागल्यापासून तू घरात गुणगुणतेस, म्हणाला." त्याने दार पूर्ण उघडलं. "आत ये, दगड थंड होतायत."

त्या दिवशी हिल्का सौनात खालच्याच फळीवर बसली. ताइस्तोने वर बोलावलं, तरी गेली नाही.