भिंतीआडची खोली

विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात लोर्ना टेशने एकतीस वर्षं घरोघर टपाल वाटलं. राज्याबाहेर ती दोनदाच गेली असेल, पण दर रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने राज्यंच्या राज्यं बुडवली. कल्पनेतल्या भुयारांचा तो खेळ: दारापलीकडे काय आहे ते लोर्ना सांगायची आणि बाकीचे भिडू बुटके नाहीतर जादूगार होऊन त्या दारातून आत शिरायचे.

दूध काढायची यंत्रं दुरुस्त करणारा व्हर्लिन तिचा तीस वर्षांचा भिडू आणि तितकाच जुना वैरी. त्याला जुना, खोक्यातला खेळ प्यारा. त्यात प्रत्येक गोष्टीला फासा आणि कोष्टक, आणि चौकटीच्या कागदावर दहा फुटांना एक चौकट मोजून नकाशा काढायचा. लोर्नाला नवा, पातळ पुस्तकाचा खेळ आवडे, त्यात नुसतं बोलत गोष्ट रचायची.

"हा खेळ आहे की आयकराचा फॉर्म?" ती म्हणे.

"आणि तुझ्या नुसत्या गप्पा! भिंत कुठाय ते सांग आधी."

मार्चमध्ये व्हर्लिनला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. त्याला किती समजतं हे डॉक्टरांनाही सांगता येईना. येत्या सोमवारी त्याला कायमचं शुश्रूषागृहात ठेवायचं असं त्याच्या बायकोने, जोलीनने, ठरवलं.

"तो मला ओळखतो की नुसता बघतो, तेच कळत नाही गं," ती म्हणाली.

"रविवारी घेऊन ये त्याला," लोर्ना म्हणाली.

रविवारी नवा खेळ मांडला. व्हर्लिनची पाळी आली. त्याचे ओठ थरथरले आणि त्याने तोंड फिरवलं. लोर्नाला स्वतःचीच लाज वाटली. जन्मभर जो खेळ डोक्यावर घेतला, त्यात या माणसाला बसायलाही जागा नव्हती. ती तळघरातून जुनं खोकं घेऊन आली आणि त्याच्या डाव्या हातात पेन्सिल दिली.

"उत्तरेला तीस फूट बोळ. डावीकडे दार."

पेन्सिल बराच वेळ हललीच नाही. मग एक वाकडी रेघ उमटली, नेमकी तीन चौकटींची. तासाभरात विहीर, दालन, वळण सगळं कागदावर आलं. मग त्याने नकाशा न्याहाळला आणि दोन भिंतींमधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून टकटक केलं.

लोर्नाने खोक्यातला, फक्त तिनेच बघायचा नकाशा पाहिला. तिथे खरंच चोरखोली होती, फक्त तिच्या कागदावर. तिने ती एका शब्दानेही सांगितली नव्हती. त्याने ती मापांवरून हुडकली होती.

नियमाप्रमाणे एक किंवा दोन पडलं तरच दार सापडतं. व्हर्लिनने फासा टाकला. पाच.

"सापडलं दार," लोर्ना घाईने म्हणाली.

व्हर्लिनने डोळे वटारले. फाशावरच्या पाचावर बोट आपटलं आणि मान ठामपणे हलवली. नाही.

जोलीन खुर्चीतून उठली. डोळे पुसत ती म्हणाली, "जित्याची खोड!" आणि सोमवारचं रद्द करायला फोनकडे गेली.